ग्रंथालयाच्या कपाटातील चातुर्वर्ण्य

कोर्टाच्या कामानिमित्त आम्हांला तालुक्याच्या गावी जावे लागते. अशाच एका गावी न्यायाधीश रजेवर असल्याने तारीख पुढे गेली आणि परतीच्या एसटीला तीन तास अवकाश राहिला. म्हणून आम्ही तेथील सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसलो. ग्रंथालय शासनमान्य, अनुदानित आणि बऱ्यापैकी पुस्तके असलेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहे का, असे सहज विचारले. ग्रंथपाल भला माणूस होता. कोपऱ्यातील कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं आहे बघा साहेब, खालून दुसऱ्या फळीवर." कपाटावर रंगाने लिहिलेली पाटी होती : हिंदू धर्म.

ग्रंथ हातात घेतला. पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आकडा होता २९४.३. आकडा अगदी बरोबर होता. ड्युईच्या दशांश वर्गीकरण पद्धतीत बौद्ध धम्माचा आकडा हाच आहे. हिंदू धर्माचा आकडा २९४.५. दोन्ही २९४ मध्ये बसतात, म्हणून कोणीतरी कधीतरी सगळ्या २९४ ला मिळून एकच पाटी लावून टाकली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बाबासाहेबांनी ज्या धर्माचा त्याग केला, त्याच धर्माच्या पाटीखाली त्यांचा अखेरचा ग्रंथ उभा होता!

"ही पाटी कोणी लावली?" आम्ही विचारले.

"आधीपासूनच आहे साहेब."

बाबासाहेबांचे बाकीचे ग्रंथ कुठे आहेत, असे विचारल्यावर ग्रंथपालाने दुसऱ्या टोकाचे काचेचे कपाट दाखवले. त्यावर बाबासाहेबांचे छायाचित्र, छायाचित्राला हार आणि कपाटाला कुलूप. चावी कार्यवाहांकडे. काचेतून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' दिसत होते. समोरच्या टेबलावर एक मुलगी अर्थशास्त्राच्या परीक्षेचा अभ्यास करीत होती. आमचे बोलणे ऐकून तिने विचारले, "बाबासाहेबांनी अर्थशास्त्रावर पण लिहिलंय?" तिच्या पाठीमागे अर्थशास्त्राची पूर्ण मांडणी होती आणि तिच्यात बाबासाहेब नव्हते.

या एका प्रश्नाने आम्हांला लिहायला भाग पाडले. पुस्तक ग्रंथालयात आहे, पण ते ज्याला हवे त्याच्या हाताला लागत नाही. मग ते असून काय उपयोग? आणि ते हाताला लागू नये अशी व्यवस्था कोणी केली? त्या ग्रंथपालाचा यात दोष नाही. त्याच्या हातात जी पद्धत दिली गेली ती त्याने चालवली. दोष शोधायचा तर त्या पद्धतीच्या मुळाशी जावे लागेल.

आम्हां वकिलांना वर्गीकरण हा शब्द नवा नाही. संविधानाचे कलम १४ समतेची हमी देते, पण ते वर्गीकरणाला मनाई करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार या १९५२ च्या खटल्यात वर्गीकरणाची कसोटी स्पष्ट केली आहे. वर्ग ज्या भेदावर पाडला तो भेद समजण्याजोगा असला पाहिजे, आणि साध्य करायच्या उद्देशाशी त्या भेदाचा तर्कसंगत संबंध असला पाहिजे. ग्रंथालयाचा उद्देश एकच, वाचकाला त्याचे पुस्तक सापडावे. या कसोटीवर जगातील नामवंत वर्गीकरण पद्धती कितपत टिकतात, ते पाहू.

१८७६ साली अमेरिकेतील अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्विल ड्युई या पंचविशीतील तरुणाने ४४ पानांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. साऱ्या मानवी ज्ञानाचे त्याने दहा वर्ग केले, प्रत्येक वर्गाचे दहा विभाग आणि प्रत्येक विभागाचे पुन्हा दहा पोटविभाग. म्हणजे एकूण हजार घरे. त्यापुढे दशांश चिन्ह देऊन हवे तेवढे बारकावे. तत्पूर्वी पुस्तकाची जागा म्हणजे अमुक कपाट, अमुक फळी अशी कायमची ठरलेली असे. ड्युईने जागा कपाटाला नव्हे तर विषयाला बांधली. नवी पुस्तके आली तरी एका विषयाची पुस्तके एकत्रच राहतील, ही सोय त्याने केली. हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १९१५ साली त्याचा शिष्य आसा डॉन डिकिन्सन याने लाहोरच्या पंजाब विद्यापीठात ग्रंथालयाचे शिक्षण सुरू केले आणि ही पद्धत आपल्याकडेही रुजली.

पण या हजार घरांचे वाटप कसे झाले? धर्माला २०० ते २९९ अशी शंभर घरे मिळाली. त्यातील २२० ते २८९ ही सत्तर घरे ख्रिस्ती धर्माची. बायबल, ख्रिस्ती तत्त्वज्ञान, ख्रिस्ती आचार, चर्चचा इतिहास आणि चर्चचे पंथ यांना प्रशस्त वाडे. आणि जगातील उरलेले सगळे धर्म २९० च्या दहा घरांत! ज्यू २९६, इस्लाम २९७. भारतात जन्मलेल्या साऱ्या धर्मांना मिळून २९४ हे एक घर. त्यात बौद्ध धम्माला दशांश चिन्हाच्या पलीकडचा ३. अर्ध्या आशियाला ज्या विचाराने घडवले, त्याला एक अख्खा आकडाही नाही.

आता दुसरे घर पाहा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ३९० हा रूढी व चालीरीतींचा विभाग होता. त्यात ३९५ शिष्टाचार. ३९६ स्त्रियांचे स्थान. ३९८ लोककथा. आणि मधल्या ३९७ मध्ये कोण? जिप्सी, भटके आणि 'बहिष्कृत वंश'! बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू केले. ते आपल्या समाजाला माणूस म्हणून, नागरिक म्हणून उभे करीत होते. त्याच काळात जगातल्या ग्रंथालयांनी बहिष्कृतांना राज्यशास्त्रात नव्हे, कायद्यात नव्हे, तर शिष्टाचार आणि लोककथांच्या शेजारी बसवले होते. बहिष्कृत असणे हा जणू एखादा रीतिरिवाज आहे, ज्याला कोणी कर्ता नाही आणि कोणी जबाबदार नाही!

ड्युईने हे बौद्धांच्या द्वेषापोटी केले, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या समोर एका ख्रिस्ती कॉलेजचे कपाट होते. त्या कपाटात जे होते त्यालाच तो जग समजला. पण माणूस म्हणून ड्युई कसा होता, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. त्याने स्थापलेल्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यू आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९०५ साली प्रतिष्ठित ज्यू नागरिकांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा न्यूयॉर्क राज्याचा ग्रंथपाल असलेल्या ड्युईला समज देण्यात आली आणि त्याच वर्षी त्याला राजीनामा द्यावा लागला. पुढे २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या मानाच्या पदकावरून त्याचे नाव काढून टाकले. क्लबच्या दारावरची बंदी लोकांना दिसली. कपाटातली बंदी दिसायला अधिक वेळ लागला.

ती ज्यांना दिसली त्यांत एक कृष्णवर्णीय भगिनी होती. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तेथेच १८८७ साली ड्युईने ग्रंथालयशास्त्राची शाळा काढली होती. विश्वस्तांचा विरोध असतानाही त्याने तेथे स्त्रियांना प्रवेश दिला होता, हे नमूद केले पाहिजे. पुढे १९३२ साली याच कोलंबियातून डोरोथी पोर्टर यांनी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९३० पासून त्यांच्याकडे कृष्णवर्णीयांविषयीच्या ग्रंथांचा विभाग होता. ग्रंथ लावायला घेतले तर ड्युईच्या पद्धतीत त्यांच्या समाजासाठी दोनच जागा. ३२६, म्हणजे गुलामगिरी. आणि ३२५, म्हणजे वसाहत व स्थलांतर. कवीने प्रेमाची कविता लिहिली तरी तो कृष्णवर्णीय आहे म्हणून पुस्तक ३२५ मध्ये टाकायचे, असा इतर ग्रंथालयांचा रिवाज असल्याचे त्यांनी पुढे सांगून ठेवले आहे.

डोरोथी पोर्टर यांनी काय केले? मोर्चा काढला नाही, पुस्तिका जाळली नाही. कविता कवितेत ठेवली, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, वैद्यक वैद्यकात. त्या त्या विषयात आपल्या समाजासाठी नवे पोटविभाग पाडले. १९७३ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे काम केले आणि जगातील एक मोठा कृष्णवर्णीय ग्रंथसंग्रह उभा राहिला. गुलामगिरी हा आमच्या इतिहासाचा एक भाग आहे, आमची संपूर्ण ओळख नव्हे, हे त्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर लिहून ठेवले. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले. दोन्ही समाजांच्या दुःखातील साम्य त्यांनी ओळखले होते. कपाटाच्या बाबतीतही ते साम्य तंतोतंत आहे.

कोणी म्हणेल, ड्युई परदेशी होता, आपल्या माणसाने पद्धत केली असती तर न्याय मिळाला असता. आपल्या माणसाने पद्धत केलीच आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. बुद्धीने ती ड्युईच्या पद्धतीपेक्षा सरस आहे, असे जाणकार मानतात आणि त्याविषयी आमचा वाद नाही. तिच्यात धर्माचा वर्ग आहे क्यू. त्याचा क्रम असा : पहिला वैदिक, दुसरा वेदोत्तर हिंदू धर्म, तिसरा जैन, चौथा बौद्ध, पाचवा ज्यू, सहावा ख्रिस्ती, सातवा इस्लाम. बौद्ध धम्माला स्वतंत्र आकडा मिळाला, हे ड्युईपेक्षा निश्चित पुढचे पाऊल. पण पहिल्या दोन पायऱ्या कोणाच्या, ते वाचकांनीच पाहावे. वरचा बदलला, उतरंड तीच राहिली.

आणि बौद्धांनी स्वतःच्या देशात पद्धत केली तर? १९२९ साली जपानमध्ये मोरी कियोशी यांनी निप्पॉन दशांश वर्गीकरण तयार केले. साचा ड्युईचाच, पण १७० मध्ये शिंतो, १९० मध्ये ख्रिस्ती आणि १८० ते १८९ ही पुरी दहा घरे बौद्ध धम्माला. ख्रिस्ती धर्माची सत्तर घरे दहावर आली म्हणून जपानमध्ये आकाश कोसळले नाही. वर्गीकरण निसर्गाने दिलेले नसते. माणूस ते करतो, आणि करताना तो जिथे उभा असतो तिथून करतो. जी गोष्ट माणसाने केली ती माणसाला बदलताही येते. चातुर्वर्ण्याविषयी बाबासाहेबांनी आपल्याला दुसरे काय शिकवले?

बदल झालेही आहेत. ड्युईच्या १९९६ च्या २१ व्या आणि २००३ च्या २२ व्या आवृत्तीत धर्माच्या वर्गाची दुरुस्ती झाली. २०१ ते २०९ हे आकडे ख्रिस्ती धर्माकडून काढून सर्व धर्मांच्या सामाईक विषयांना दिले गेले. २०१२ साली धर्मांची काळ आणि प्रदेश यांनुसार मांडणी करणारी पर्यायी रचनाही प्रसिद्ध झाली. पण ती पर्यायी आहे. सत्तर घरांचा मूळ वाडा जागेवरच आहे. कारण विचारले तर सांगतात, जगभरातील पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या बदलाव्या लागतील. खर्चाचे हे कारण खोटे नाही. पण अन्याय जुना झाला आणि तो दूर करणे महाग पडते म्हणून तो चालू ठेवावा, हा युक्तिवाद आम्ही कोर्टात फार वेळा ऐकला आहे.

आकड्याइतकेच महत्त्व शब्दाला आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची विषयसूची जगभर वापरली जाते. तिच्यात आपल्या समाजावरील ग्रंथ अनेक वर्षे 'अनटचेबल्स' या शब्दाखाली नोंदले जात. आज तेथे 'दलित' हा शब्द आहे. सँडफर्ड बर्मन या ग्रंथपालाने १९७१ साली पुस्तक लिहून या सूचीतील पूर्वग्रह एकेक करून दाखवले होते. त्यावेळी त्यांना अनेकांनी वेड्यात काढले. २०१४ साली डार्टमथ कॉलेजमधील विद्यार्थ्यांनी स्थलांतरितांसाठी वापरलेल्या 'इल्लीगल एलियन्स', म्हणजे बेकायदा परके, या शब्दाला हरकत घेतली. २०१६ साली ग्रंथालयाने बदल जाहीर केला, तर अमेरिकेच्या संसदेतील रिपब्लिकन सदस्यांनी तो अडवला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये तो शब्द गेला. सूचीतल्या दोन शब्दांसाठी संसद मध्ये पडते, यावरून त्या शब्दांची ताकद ओळखा.

आपल्या देशात तर वर्गीकरणाचा हा खेळ कायद्यातही चालला आहे. कलम २५ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश केला आहे. तो फक्त त्या कलमातील एका उपखंडापुरता, हिंदू धर्मसंस्था सर्वांना खुल्या करण्यापुरता आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही बौद्धांना लागू केला गेला. मर्यादित कामासाठी काढलेल्या या रेषेचा आधार घेऊन "बौद्ध म्हणजे हिंदूच" असे आजही सांगितले जाते. तालुक्याच्या ग्रंथालयातील ती पाटी दुसरे काय सांगते? आकडा २९४.३ वेगळा आहे, पण पाटी एकच. मात्र कायद्याची दुरुस्तीही झालीच. धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी, १९९० साली, अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना घटनात्मक सवलती मिळाल्या. त्या कोणी आपण होऊन दिल्या नाहीत. मागाव्या लागल्या.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. ते काचेचे कपाट कोणा शत्रूने केलेले नव्हते. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीच वर्गणी काढून, प्रेमाने दिले होते. पण बाबासाहेबांचे सगळे ग्रंथ एका कपाटात कोंडले की नकळत काय होते? ड्युईच्याच पद्धतीने पाहा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ चा ग्रंथ चलनाचा, म्हणून ३३२.४. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील १९२५ चा ग्रंथ सार्वजनिक वित्ताचा, म्हणून ३३६. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' घटनात्मक कायद्याचा, म्हणून ३४२. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' ३०५.५१२२. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' २९४.३. पाच ग्रंथ, पाच फळ्या. अर्थशास्त्राचा, कायद्याचा, समाजशास्त्राचा आणि धर्माचा विद्यार्थी आपापल्या फळीपाशी गेला की तेथे त्याला बाबासाहेब भेटले पाहिजेत. आज ते फक्त कुलपामागे भेटतात, तेही ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला.

साहित्याचेही तेच. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' मराठी कादंबरी आहे, तिची जागा मराठी कादंबऱ्यांत, ८९१.४६३ मध्ये. दया पवारांचे 'बलुतं' आत्मचरित्रांत. त्यांना उचलून ३०५.५६८८ मध्ये, म्हणजे समाजाने वगळलेल्या वर्गांच्या अभ्यासात टाकले, तर लेखक राहत नाही, फक्त जात राहते. डोरोथी पोर्टर यांनी ३२५ मधून कवींना बाहेर काढले, ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट. वर्गीकरणात नवा आकडा मागितला की संपादक विचारतात, या विषयावर ग्रंथ किती आहेत? पुरेसे ग्रंथ असल्याशिवाय नवे घर मिळत नाही, असा या शास्त्राचा नियमच आहे. आपल्याकडे ग्रंथ कमी आहेत का? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. पण त्यातील कितीतरी पुस्तकांवर आयएसबीएन क्रमांक नसतो, कधी प्रकाशनाचे वर्षही नसते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पुस्तक स्वखर्चाने पाठवायचे असते. तेथे पोचलेल्या पुस्तकांवरूनच भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची तयार होते. आपली पुस्तके पोचलीच नाहीत तर सूचीच्या दृष्टीने ती छापलीच गेली नाहीत. हा दोष ड्युईचा नाही, रंगनाथनांचाही नाही. तो आपला आहे आणि तो सुधारायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

त्या तालुक्याच्या ग्रंथालयाला आम्ही लेखी अर्ज दिला. भांडण केले नाही. कार्यकारी मंडळाच्या सभेत तो वाचला गेला. पुढच्या तारखेला गेलो तेव्हा २९४.३ च्या फळीवर वेगळी पाटी होती : बौद्ध धम्म. खर्च पाटी रंगवण्याचा. काचेच्या कपाटाची चावी मात्र अजून कार्यवाहांकडेच आहे. त्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. येत्या रविवारी आपल्या गावातील, आपल्या वॉर्डातील ग्रंथालयात जा. तथागतांचे ग्रंथ कोणत्या पाटीखाली आहेत ते पाहा. बाबासाहेब अर्थशास्त्रात आहेत का, कायद्यात आहेत का, ते पाहा. नसतील तर त्या त्या फळीसाठी दुसरी प्रत भेट द्या आणि तसा अर्ज करा. महाराष्ट्राची सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या कायद्याखाली, जनतेच्या पैशातून मिळणाऱ्या अनुदानावर चालतात. तेथे जाब विचारणे हा आपला हक्क आहे. जयंतीला कपाट भेट देणाऱ्या मंडळांनी कपाटाऐवजी ग्रंथांच्या प्रती द्याव्यात. आपल्या प्रकाशकांनी आयएसबीएन घ्यावा आणि ग्रंथालयांना प्रती पाठवाव्यात. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी वर्गीकरणाच्या संपादकांकडे पुराव्यासह दुरुस्त्या पाठवाव्यात. दुरुस्त्या स्वीकारल्या जातात, हे वर दाखवलेच आहे.

रंगनाथनांनीच सांगून ठेवले आहे की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ती अर्थशास्त्राची विद्यार्थिनी वाचक आहे. १९२३ चा तो ग्रंथ तिचा आहे. दोघांच्या मध्ये फक्त एक कुलूप आहे. ते उघडण्याचे काम आपले!

जयभीम! नमो बुद्धाय!